लवंगेच्या वासाचं सिमेंट

मांडवी, रत्नागिरी
१२ ऑक्टोबर २००४

प्रिय मुसाचाचा,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं जहाज आज कुठल्या पाण्यात आहे ते मला ठाऊक नाही. पण तुमच्या तोंडात काय आहे ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत टाकलं की ते पुढच्या बंदरावर पोचवतात म्हणे. तुम्ही फोन करता खरे, पण चाची दुसऱ्या कुणाच्या हातात फोन देईल तर ना! कार्ड संपेपर्यंत तिचीच टकळी.

दात कसा आहे? खरं सांगा हां.

चाची सगळ्या बुरोंडीत सांगत सुटली आहे की आफरीननं चाचांच्या जबड्यात खिळा ठोकला. तिला समजावून समजावून मी थकले. आता तुम्हालाच नीट लिहून देते, म्हणजे जहाजावर कुणी विचारलं तर तुम्ही तरी भलतंसलतं सांगू नका. तुमच्या भटारखान्यातली ती गोठलेली बकऱ्याची तंगडी तोंडावर पडली आणि वरचा पुढचा दात गेला. मुंबईहून आमच्याकडे येणाऱ्या सर्जननी तिथल्या हाडात एक स्क्रू बसवला. तुम्ही एक फेरी मारून आलात तोवर हाडानं तो घट्ट धरला. मग त्या स्क्रूवर एक छोटा खुंट आणि खुंटावर टोपी. टोपी म्हणजे तो दिसणारा दात. खुंट आणि टोपी माझं काम. आणि टोपी खुंटावर धरून ठेवतं ते सिमेंट.

या सिमेंटवरून आपलं भांडण झालं ते आठवतं ना? माझे मुंबईच्या कॉलेजातले सर म्हणाले होते, सुरुवातीला कच्चं लाव. लवंगेच्या तेलाचं असतं ते. दात धरून ठेवतं, पण वेळ आली तर टोपी काढता येते. तुम्ही डबीचा वास घेतलात आणि म्हणालात, "लवंग बिर्याणीत घालतात गो पोरी, दातात नाय! मी दर्यावर जाणारा मानूस. टोपी भर समुद्रात सुटली तर काय तुला तार करू? पक्कं लाव. आनि हात राखून लावू नको, भरपूर लाव!"

लावलं मग. कोल्हापूरच्या लॅबमधून टोपी आली तीच तुम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी, आणि बाहेर तुम्हाला बुरोंडीला न्यायला आलेला जीपवाला हॉर्न वाजवत होता. पण बसली छान. तुम्ही आरशात बघून हसलात तेव्हा मला वाटलं, दवाखान्याची पाटी आज खऱ्या अर्थानं लागली.

आता माझी सक्त ताकीद. ऊस दातानं सोलायचा नाही. दोऱ्यानं दाताच्या कडा साफ करायच्या. हिरडीतून रक्त आलं तर लगेच कळवायचं.

चाचीला तुम्ही सांगून गेलात की ही शेवटची फेरी. चाची म्हणते, ही सातवी शेवटची फेरी.

तुमची,
आफरीन

ता. क. दुसरा पेशंट तयार आहे. आत्माराम, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याच्या पेट्या ठोकतो. जन्मभर खिळे दातात धरून काम केलं, शेवटी दात गेला. त्याचाही स्क्रू बसलाय. पण टोपी कधी बसवू विचारलं, तर म्हणतो, "आदी तुमच्या चाचांचा टिकूंदे."


सिंगापूर
२० नोव्हेंबर २००४

प्रिय आफरीन,
वालेकुम सलाम.

तुझं पत्र मिळालं. मी ते मेसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. तंगडीचा भाग सोडून. इथं मी असं सांगितलंय की वादळात एका खलाशाला वाचवताना दात पडला. तू उगाच खरं लिहीत जाऊ नकोस.

दात बघायला कॅप्टन स्वतः आले होते. तिसरा इंजिनियर केरळचा आहे, तो टॉर्च घेऊन आला. म्हणाला, "चाचा, हा एकच दात खरा वाटतो, बाकीचे बदलून घ्या." मी सगळ्यांना सांगतो, माझ्या पुतणीनं बसवलाय, रत्नागिरीत, मांडवीला. दोघांनी तुझा पत्ता लिहून घेतलाय. रजेत येतील. आता बोल, आहे का कुठल्या डॉक्टरचा सात समुद्रांवर बोभाटा?

ईद मलाक्काच्या सामुद्रधुनीत झाली. सगळ्या जहाजासाठी शीरखुर्मा केला. लोक म्हणाले साखर जास्त झाली. मला तर कमीच वाटली. या वयात जीभ पण रजेवर जाते बहुतेक.

तुझ्या सगळ्या ताकिदी पाळतोय. इथल्या दुकानातून मऊ ब्रश घेतला, जुना फार टोचत होता. जेवतो डाव्या बाजूनं. नवा पाहुणा आहे, त्याला कामाला जुंपणं बरं दिसत नाही.

चाचीला सांग, सातवी नाही, सहावी. मधली एक मी शेवटची म्हटलीच नव्हती.

मुसाचाचा


मांडवी
१० जानेवारी २००५

प्रिय चाचा,

तुमचं पत्र वाचून आधी खूप हसले. मग पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. मऊ ब्रश का घेतलात? जुना टोचत होता म्हणजे कुठे टोचत होता?

सांगते, का विचारतेय ते. गेल्या आठवड्यात कोल्हापूरला सरांचं शिबिर होतं. त्यांनी पडद्यावर एकामागून एक बिघडलेले इम्प्लांट, म्हणजे तुमच्यासारखे स्क्रूवरचे दात, दाखवले. स्क्रू चांगला, टोपी चांगली, आणि तरी हिरडी सुजलेली, हाड झिजलेलं. कारण एकच. टोपीत सिमेंट जास्त भरलं की टोपी दाबताना ते कडेनं बाहेर येतं आणि हिरडीच्या खाली जाऊन बसतं. तिथं ते दिसत नाही. आपल्या खऱ्या दाताभोवती हिरडी घट्ट चिकटलेली असते, ती काही आत जाऊ देत नाही. इम्प्लांटभोवती ती तशी चिकटत नाही. आणि पक्कं सिमेंट एकदा का तिथं वाळलं की दगड! मग हिरडी चिडते, रक्त येतं, पू होतो आणि हळूहळू हाड मागं सरकतं. हाड गेलं की स्क्रू गेला.

सर म्हणाले, टोपी भरायची नसते, आतून नुसती माखायची असते. ज्यांनी भरली त्यांनी हात वर करा. चाचा, मी हात वर केला नाही, पण माझे कान तापले.

लहानपणी चाचीनं मला करंज्या करायला बसवलं होतं ते आठवतं? मी प्रत्येक करंजीत दाबून सारण भरलं आणि तेलात टाकल्यावर सगळ्या कडेनं फुटल्या. चाची म्हणाली होती, "अगो, ह्यात काय अख्खा नारळ घालतंस?" तुमच्या दाताचं मी तेच केलं. तुम्ही भरपूर म्हणालात म्हणून नव्हे. टोपी सुटली तर लोक काय म्हणतील, या भीतीनं. वर ती घाई. हिरडीखाली नीट बघितलं नाही, एक्सरे काढला नाही.

म्हणून आता सरळ विचारते. ब्रश केल्यावर रक्त येतं का? त्या दातावरची हिरडी बोटानं दाबली तर काही बाहेर येतं का? तोंडाला घाण चव असते का? मला लगेच लिहा. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

आत्मारामचं काम चालू आहे.

आफरीन


डर्बन
१६ फेब्रुवारी २००५

प्रिय आफरीन,

पत्र मिळालं. सगळं छान आहे. दात उत्तम, तब्येत उत्तम. तू काळजी करू नकोस. आत्मारामला माझा सलाम सांग.

इथं ऊन फार आहे.

मुसाचाचा


मांडवी
१५ मार्च २००५

प्रिय चाचा,

ज्या माणसाला माशाच्या कालवणाची हकीकत सांगायला तीन पानं लागतात, त्यानं डर्बनहून मला एवढंसं पत्र लिहावं? आणि त्यात "इथं ऊन फार आहे"? चाचा, तुम्ही आफ्रिकेत आहात, हे मला शाळेत शिकवलंय.

मी तीन प्रश्न विचारले होते. तुम्ही एकाचंही उत्तर दिलं नाही.

इकडे सगळं ठीक. दवाखाना चालतोय. आत्माराम मजेत आहे. हापूस येऊ लागला, पेट्यांचा हंगाम आहे, त्यामुळे त्याला सवड नाही.

उत्तराची वाट बघते. खऱ्या उत्तराची.

आफरीन


रॉटरडॅम
१४ एप्रिल २००५

प्रिय आफरीन,

आता नीट बसून वाच. आणि वाचून होईपर्यंत रागावू नकोस.

रक्त सिंगापूरच्या आधीपासून येत होतं. ब्रश लावला की पाणी गुलाबी. तुझं ते लांब पत्र वाचून मी आरशासमोर हिरडी दाबली. तू लिहिलं होतंस तेच झालं. तोंडाला अशी चव की मला मिठाचा अंदाज येईना. आचाऱ्याला मीठ कळेना झालं तर त्यानं करायचं काय? कोलंबीचं कालवण दोन वेळा खारट झालं. खलाशांचा मुकादम, आमचा बोसन, म्हणाला, "चाचा, पाणी थेट समुद्रातूनच भरता काय?" मी हसण्यावारी नेलं, पण मनाला लागलं.

मग तुला कळवलं का नाही? तू टोपी बसवत होतीस तेव्हा तुझे हात थरथरत होते. मी डोळे मिटून घेतले होते, पण मला कळत होतं. आणि बसल्यावर तू अशी हसलीस, लहानपणी पहिल्यांदा होडी वल्हवलीस तेव्हा हसली होतीस तशी. ते हसू मला मोडायचं नव्हतं. म्हटलं, काय व्हायचं ते माझ्या तोंडात होईल, पोरीला कशाला.

पण गेल्या आठवड्यात तुझ्या चाचीशी फोनवर बोललो. ती म्हणाली, "तुमची डाक्टरीन त्या आत्मारामला आज ये, उद्या ये करतेय. बिचारा भोक घेऊन हिंडतोय. आनखी दोघा पेशंटना तर तिनं सरळ परत पाठवलंन." मग मला उमगलं. मी गप्प बसून तुला वाचवतोय असं मला वाटत होतं, आणि तू तिकडं हातपाय गाळून बसली होतीस. मी तुझ्याशी खोटं बोललो, तू माझ्याशी. फिट्टंफाट! आता दोघांनी पुरे करूया.

फोन ठेवला आणि कॅप्टनना सांगितलं. इथं बंदराजवळच्या डॉक्टरकडे त्यांनी मला धाडलं. डॉक्टर डोलकाठीएवढा उंच. त्यानं एक्सरे काढला, बराच वेळ बघितला. म्हणाला, हाडाचा काठ थोडा झिजलाय, पण थोडाच. हिरडीखाली एका अंगाला सिमेंट साचलंय. त्यानं आत औषध मारून धुतलं, एक कपची काढली. बाकीचं निघेना. तेव्हा त्यानं टोपी कापायला मशीन उचललं.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, नाही. ज्या हातानं बसवलाय तोच हात काढेल. तो हसला. म्हणाला, मग तीन-चार महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका. आणि ऐक, जाता जाता त्यानं काय सांगितलं ते. पुतणीला सांगा, दात सुंदर बसवलाय, फक्त सिमेंट जास्त झालं.

एक्सरे सोबत पाठवतोय. दात सुंदर बसवलाय, हे लक्षात ठेव.

मुसाचाचा


मांडवी
९ मे २००५

प्रिय चाचा,

रागावू नकोस म्हणालात, पण मी रागावले. पत्र घेऊन मांडवीच्या जेट्टीवर गेले आणि तुमच्यावर मोठमोठ्यानं ओरडले. एक भेळवाला घाबरून गाडी ढकलत दूर गेला. मग एक्सरे उजेडात धरून बघितला आणि तिथंच रडले. किती तरी वाईट होऊ शकलं असतं, चाचा.

तुमचं बरोबर आहे. आत्मारामला मीच टाळत होते. टोपी कपाटात तयार आहे. हातात घेतली की तुमची हिरडी डोळ्यांपुढे यायची आणि मी ती परत ठेवायची. काल त्याला खरं ते सांगितलं. म्हटलं, माझ्या चाचांच्या दातात माझ्या हातून सिमेंट जास्त झालंय, ते निस्तरल्याशिवाय तुमच्या तोंडाला हात लावायची मला हिंमत नाही. तो म्हणाला, "बाय, मी पन पयल्या पेटीला नको तितके खिळे मारले व्हते. फळी फुटली. चाचांचा करा, मग माजा. मी खय जातंय?"

आता काम कसं करणार ते ऐका. टोपी कापून काढणार नाही. टोपीच्या मागच्या बाजूनं, जिथं जीभ लागते तिथं, बारीक भोक पाडणार. खुंटाला हाडातल्या स्क्रूशी धरून ठेवणारा आतला बारीक स्क्रू दिसला की तो फिरवायचा, म्हणजे टोपी आणि खुंट दोन्ही एकत्र बाहेर येतात. मग सगळं सिमेंट हातात घेऊन साफ करता येतं. सरांशी बोलले. प्लास्टरच्या जबड्यावर रोज सराव करतेय. पहिले काही खुंट बिघडवले. आता जमतंय.

खोटं न बोलायचं ठरलंय म्हणून सांगते. तुम्ही येईपर्यंत हाड आणखी सरकलं असेल तर हाडातला मोठा स्क्रूच काढावा लागेल, आणि मग सगळं पहिल्यापासून. असं होऊ शकतं.

तोवर कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा. पान-सुपारी बंद. मुंबईला उतरलात की बुरोंडीला जायचं नाही, आधी मांडवी. चाचीला मी इकडेच बोलावून घेते.

आफरीन


बुरोंडी
२२ ऑगस्ट २००५

प्रिय आफरीन,

तुझ्याकडून घरी आलो आणि आता सावकाश लिहायला बसलोय. तुझ्या खुर्चीत माझं तोंड उघडं होतं, त्यामुळे जे बोलायचं होतं ते राहून गेलं. माझ्यासारख्यावर हा मोठाच जुलूम.

या वेळी तुझे हात थरथरले नाहीत. मी डोळे उघडे ठेवले होते, मुद्दाम. तू भोक पाडलंस, बारीकसा पाना आत घातलास, फिरवलंस आणि टोपी खुंटासकट तुझ्या हातात आली. तिच्या गळ्याभोवती पांढरं कडं. पावसाळ्यात होडी ओढून घेतल्यावर बुडाला कालवं चिकटलेली दिसतात ना, अगदी तसं. ते तू मला दाखवलंस, लपवलं नाहीस. मग हाड तपासायला वाकलीस आणि कितीतरी वेळ वर बघेनास. मी मनात कलमा म्हणायला लागलो. आणि तू स्टुलावर बसून रडायलाच लागलीस. म्हटलं, गेला स्क्रू! दारातून चाची ओरडली, "काय झालां गो? काय झालां?" तेव्हा कुठं तू म्हणालीस, "घट्ट आहे चाची. घट्ट आहे." मग चाची रडायला लागली. तोंडात नळी असल्यामुळे मी एकटाच रडायचा राहिलो, पण डोळ्यांना नळी नव्हती.

हिरडी बरी होईपर्यंत तू लावून दिलेला प्लास्टिकचा दात ठीक आहे. लवंगेचा वास येतो. खरं सांगू? मला तो आवडायला लागलाय. आणि मीठ कळतंय, अल्लाहचे आभार. काल बांगड्याचं तिखलं मी केलं. चाचीनं दोनदा वाढून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी रांधलेलं तिनं पोटभर खाल्लंय असं फार थोड्या वेळा झालंय. मी दुनियेला जेवू घालत फिरलो, आणि तिनं मात्र एकटीपुरतं शिजवलं. हे मला काल ती दुसऱ्यांदा ताट पुढं करताना जाणवलं.

कंपनीचा फोन आला होता. नोव्हेंबरात जहाज आहे, चाचा येताय ना? चाचीची भांडी जरा जास्त वाजली.

तू विचारलं होतंस, नव्या टोपीला सिमेंट कुठलं लावू. विचार करून कळवतो.

मुसाचाचा


मांडवी
३० सप्टेंबर २००५

प्रिय चाचा,

आत्मारामची टोपी बसली! पहिली बातमी तुम्हालाच.

या वेळी घाई नव्हती. खुंटाचा एक हुबेहूब जोड आधीच करून घेतला होता. टोपीत आतून नुसता सिमेंटचा हात फिरवला, मग टोपी आधी त्या जोडखुंटावर दाबली. जास्तीचं सगळं बाहेर आलं, ते पुसून टाकलं, आणि मग टोपी त्याच्या तोंडात बसवली. कडेनं जेमतेम एक रेघ आली, तीही दोऱ्यानं काढली. एक्सरे स्वच्छ. आत्माराम डबीकडे बघत म्हणाला, "बाय, येवडासाच? आमी घराला तर पोत्यानं घालतो!" म्हटलं, तुमचं घर एकदाच बांधायचं असतं, हे कधी तरी उघडावं लागतं. त्यानं गावदेव भैरीची शपथ घेतलीय, आता खिळे दातात धरणार नाही. खिशात धरणार. त्याला कच्चंच लावलं. मिरजोळ्याहून मांडवीला सायकलवरून येतो, सुटलं तर लगेच दारात.

तुमची हिरडी मागच्या तपासणीत गुलाबी आणि घट्ट होती. नवी टोपीही आली आहे. आता सिमेंटचा प्रश्न. तुम्ही "कळवतो" म्हणून गप्प आहात, म्हणून पुन्हा विचारते.

जहाजावर जाणार असाल तर पक्कं लावावं लागेल. ते आता मला नीट लावता येतं, भीती राहिलेली नाही. खुशाल जा. राहणार असाल तर कच्चं पुरे. अधूनमधून निघेल, पण मी साफ करून पुन्हा लावीन, आणि हिरडीवर माझी नजर राहील. दाताच्या दृष्टीनं तेच बरं.

हे मी डॉक्टर म्हणून विचारतेय. पुतणी म्हणून विचारलं तर तुम्ही म्हणाल, चाचीनं शिकवून ठेवलंय.

रमजान मुबारक. आगाऊच.

आफरीन


बुरोंडी
७ नोव्हेंबर २००५

प्रिय आफरीन,
ईद मुबारक.

दात सुटला.

घाबरू नकोस, प्लास्टिकचा. ईदच्या दिवशी सगळे जेवायला बसलो होतो, पाहुण्यांनी घर भरलेलं. चाचीची पहिली करंजी मी समोरच्या दातानं चावली. खरं म्हणजे तू नको म्हणाली होतीस. पण त्या करंजीची कड इतकी खुसखुशीत होती की मला राहवलं नाही. टक्! दात करंजीत. मी करंजी उघडून सारणातून दात शोधतोय आणि सगळं घर माझ्याकडे बघतंय. चाचीचा चेहरा उतरला. तिला वाटलं, झालं, आता हा म्हणणार, बघ, कच्च्याचं हे असं होतं, मला पक्कंच पायजे.

दात मिळाला. धुतला, रुमालात बांधला. सिमेंटचा वास अजून येत होता. मग ती करंजी मी बाजूच्या दातांनी संपवली. सारण बेताचं होतं, कुठं फुटली नव्हती. चाचीला म्हटलं, तू आफरीनला शिकवलंस ते तिला आता कुठं समजलं. ती म्हणाली, "आनि तुमाला?"

मी उठलो, आणि सगळ्यांच्या समोर कंपनीत फोन लावला. ईदला कचेरी उघडी होती, त्यांना कुठं सुट्टी! तिकडचा पोरगा म्हणाला, "चाचा, तिकीट पाठवू ना?" मी म्हटलं, नको. माझा दात कच्चा आहे, मला लांब जाता येत नाही. त्याला वाटलं मी मस्करी करतोय. फोन ठेवला तर चाची स्वयंपाकघरात गेलेली. मागून गेलो. ती माझ्याकडे पाठ करून करंज्या ताटात लावत होती, एकावर एक, आणि लावलेल्या पुन्हा काढून परत लावत होती. मी म्हटलं, अजरा, सहावीच शेवटची होती. ती न वळता म्हणाली, "सातवी." मी म्हटलं, बरं, सातवी.

शनिवारी पहिल्या एसटीनं येतो. चाचीही येतेय. सोबत करंज्या आहेत, आत्मारामलाही बोलावून ठेव, पण त्याला सांग, बाजूच्या दातानं खा.

तू विचारलं होतंस, कुठलं लावू. लवंगेचं लाव, आफरीन. सुटलं तर सुटू दे. तार करायची गरज नाही, मी इथंच आहे.

मुसाचाचा